सोळावा चौकोन

मी काढलेलं आकाश अस्तित्वातच नाही, असं एकदा मला रीतसर ठराव करून कळवण्यात आलं होतं. ठराव मांडला कॉलेजच्या खगोल मंडळाच्या चिटणिसाने, अनुमोदन खजिनदाराचं, विरोधात एकही मत नाही. माझा गुन्हा एवढाच की त्यांच्या व्याख्यानाच्या पोस्टरवर मी जुन्या टूथब्रशने पांढरे शिंतोडे उडवून तारे केले होते. ही विद्वान पोरं ताऱ्यांचा नकाशा घेऊन छपाईखोलीत आली आणि माझ्या आकाशात मृगनक्षत्र शोधत बसली. "मिसेस पी, हे कुठल्या गोलार्धातलं?" मी म्हटलं, "हे क्रॉयडनचं आहे. इथे आकाश दिसतं कधी? तुम्ही कशावरून म्हणता की ते असं नाही?" कोणी हसलं नाही. मग मी निमूटपणे मृग, सप्तर्षी जागच्या जागी बसवून सगळं पोस्टर पुन्हा छापलं. व्याख्यानाला एक म्हातारबुवा आले होते. पोस्टरसमोर उभं राहून त्यांनी नातीला बोटाने सप्तर्षी दाखवले. ते पाहिलं आणि माझा राग तिथल्या तिथे गेला.

'मिसेस पी' म्हणजे मी, रिबेका पेणकर. इंग्रजांना 'पेणकर' म्हणता येत नाही अशातला भाग नाही, पण ते कष्ट घेत नाहीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना तिकडे 'शनिवार तेली' म्हणत. मी मुंबईत चित्रकला शिकले, छपाईचे ठसे करणाऱ्या एका ब्लॉकमेकरच्या स्टुडिओत केसांच्या तेलाची लेबलं रंगवली, आणि साठीच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे, लंडनजवळच्या क्रॉयडनला आले. म्हणजे तेल काही सुटलं नाही, आणि शनिवारही सुटला नाही. कॉलेजातले कार्यक्रम मात्र बहुतेक शनिवारीच असायचे. त्यामुळे मी केलेली कितीतरी पोस्टरं जिथे लागली ते समारंभ मी कधी पाहिलेच नाहीत.

नोकरी होती इथल्याच एका टेक्निकल कॉलेजच्या छपाईखोलीत. मुख्य काम तासाला वाटायच्या टिपणांचं आणि परीक्षेच्या पेपरांचं. पण विद्यार्थ्यांची विज्ञान मंडळं, इंजिनिअरिंग मंडळं यांची पोस्टरं, बिल्ले, पुस्तिका हेही आमच्याच गळ्यात, आणि 'आमच्या' म्हणजे माझ्या. आता कॉम्प्युटरवर माझी नात चहा निवेपर्यंत जे करते त्याला तेव्हा आठवडा जायचा. अक्षरं घासून उमटवायची. त्यांचे तक्ते मिळत. एकेक अक्षर कागदावर धरून वरून घासलं की ते खाली चिकटायचं. तक्त्यातली 'ई' नेहमी आधी संपायची. मग एखाद्या 'एफ'ला मी हाताने खालची दांडी काढून द्यायची. चित्र, मजकूर सगळं पातळ ब्लेडने कापून, रबराच्या डिंकाने पुठ्ठ्यावर डकवायचं. पोस्टर मोठं असेल तर चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून शाई दाबून छापायचं आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचं. इथल्या नोव्हेंबरात कपडे वाळत नाहीत, तर पोस्टरं काय वाळणार! साडीवर ॲप्रन घालून मी रॉकेलच्या शेगडीपाशी ओल्या पोस्टरांची राखण करत बसायची. माझ्या सगळ्या साड्यांच्या निऱ्यांना तेव्हा काळी किनार असे.

या पोरांचं एक वैशिष्ट्य होतं. मतदान घेतल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे. पोस्टर लाल की निळं, यावर ठराव, मग दुरुस्ती, मग दुरुस्तीला दुरुस्ती. शेवटी जांभळं करायचं ठरायचं, जे कोणालाच नको असायचं. आणि दुसरं म्हणजे चित्र सुंदर आहे की नाही हे ते कधीच विचारत नसत, ते बरोबर आहे का एवढंच विचारत. मला याचा सुरुवातीला संताप यायचा. घरी येऊन मी आमच्या ह्यांना म्हणायची, "अहो, यांना आरसा दिला तरी आधी पट्टीने मोजतील." हे म्हणायचे, "मोजू देत. तुझा चेहरा नाही ना मोजत?" पुढे मात्र याच खोडीने एका माणसाचं भलं झालं. तीच गोष्ट मुख्यतः सांगायची आहे.

डॉक्टर गद्रे आमच्या भागातल्या हॉस्पिटलात होते. मूळचे पुण्याचे, आणि लंडनभोवतीची पाचपन्नास मराठी घरं त्यांना तोंडपाठ. एका रविवारी जेवायला आले होते. पानावरून उठता उठता म्हणाले, "रिबेकाबाई, तुमच्या कॉलेजातली इंजिनिअर पोरं काही युजफुल करतात का, की नुसत्या रेसिंग कार्टच बनवतात?"

"सध्या उकडलेलं अंडं सोलायचं यंत्र करतायत," मी म्हटलं.

"मग माझं एक काम करतील का? माझ्या वॉर्डात एक पेशंट आहे, मिस्टर बार्लो. बस कंडक्टर होता. जन्मभर बडबड केलेला माणूस. त्याला मोठा स्ट्रोक आला आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे, ऐकलेलं सगळं कळतं. पण बोलायला गेला की एकच शब्द बाहेर पडतो, आणि तो तुमच्यासमोर उच्चारण्यासारखा नाही. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. डाव्या हाताचा अंगठा तेवढा नीट हलतो."

"मग चित्रांचा पुठ्ठा द्या की समोर. बोटाने दाखवेल."

"हातच उचलत नाही हो. आणि आता तो जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आमचे कन्सल्टंट म्हणतात, काही रिस्पॉन्स नाही, याला कायमच्या पेशंटांच्या लाँग-स्टे हॉस्पिटलात पाठवा. ते हॉस्पिटल इथून दोन बस आणि एक ट्रेन. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेत. तिकडे गेला की ती त्याला भेटू शकणार नाही. मग तो फार दिवस काढणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. पुढच्या महिन्यात डिसिजन आहे."

दुसऱ्या दिवशी मी हे इंजिनिअरिंग मंडळाच्या कॉलिनला सांगितलं. कॉलिन मंडळाचा अध्यक्ष, ताडासारखा उंच, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. त्याच्याबरोबर जेनेट असायची, मंडळातली एकमेव मुलगी. ती सरळ डोळ्यांत बघायची. अंड्याचं यंत्र तिथल्या तिथे रद्द झालं. माझ्या माहितीत मतदान न होता झालेला तो एकच निर्णय.

पेटी त्यांनी झकास केली. पुढच्या बाजूला धुरकट प्लॅस्टिकचे सोळा चौकोन, चार ओळींत चार. प्रत्येकामागे बल्ब. उजेड आपला आपण एका चौकोनातून दुसऱ्यात हळूहळू सरकत जाणार. पेशंटच्या अंगठ्याखाली रबरी बटण. हवं ते चित्र उजळलं की दाबायचं. उजेड तिथेच थांबतो आणि घंटी वाजते, पुन्हा दाबलं की परत फिरायला लागतो. कामाची पोरं होती, खोटं कशाला बोलू.

पण चित्रंही त्यांनीच काढली होती, आणि तिथे मात्र देवा रे देवा! पाण्याचा पेला उभा कापून दाखवला होता, आत तिरक्या रेघा आणि शेजारी उंचीचं माप. संडासाच्या जागी नळजोडणीचा नकाशा. दुखतंय म्हणून विजेचा बाण. पेटी वॉर्डात दाखवायला नेली, तर तिथली झाडूवाली बाई तो बाण बघून पेटीला हातच लावेना. तिला वाटलं, शॉक बसतो. "पण हे टेक्निकली करेक्ट आहे," कॉलिन म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, तुला तहान लागली तर तू पेला उभा चिरून बघतोस का?"

मग मी बसले. बल्ब मागे लागला की बारीक रेघ उजेडात विरघळून जाते, म्हणून सगळं जाड आणि भरीव काढावं लागलं. आमच्या धंद्यात अशा चित्राची परीक्षा एकच. अनोळखी माणसासमोर धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. अनोळखी कुठून आणणार? सुरुवात घरापासून. दुखण्याचं चित्र म्हणून मी तोंड वासलेला माणूस काढला होता. आमचे हे चष्मा पुसून म्हणाले, "हा गवई दिसतो. वरचा सा लावतोय." रागाने मी तो फाडला. पण खरं तेच होतं. कपाळाला हात लावलेला माणूस काढला तेव्हा शेजारच्या बाई, कोपऱ्यावरचा खाटीक, पोस्टमन, सगळे एका सुरात म्हणाले, "डोकं दुखतंय." पोटाचं वेगळं केलं, पायाचं वेगळं केलं.

हॉस्पिटलने पंधरा गोष्टी सांगितल्या होत्या. पाणी, जेवण, संडास, दुखणं, थंडी, उकडणं, कूस बदला, उशी, खिडकी, नर्स, अशा. चौकोन सोळा. एक उरला. मी तो कोराच ठेवला. इंजिनिअरिंग मंडळाला हे सहन होईना. दाबायला जागा आहे आणि दाबून काहीच मिळत नाही, असं यंत्र त्यांच्या शास्त्रात पाप असतं म्हणे. त्यांनी बैठक घेऊन ठराव पास केला की सोळाव्या चौकोनात मंडळाचं बोधचिन्ह लावावं. ते दातेरी चाकाचं बोधचिन्ह मीच काढलेलं, त्यामुळे मोह मलाही झाला. पण वाचा गेलेल्या माणसाने मध्यरात्री घंटी वाजवून दातेरी चाक मागायचं म्हणजे काय करायचं? मी सांगितलं, शाई वाळली नाही, नंतर लावू. नोव्हेंबर असल्यामुळे त्यांना पटलं.

पेटी वॉर्डात लागली. बार्लोंनी पहिल्या दिवशी खिडकी उघडून घेतली, मग बंद करून घेतली, मग पुन्हा उघडून घेतली. सिस्टर वैतागली आणि डॉक्टर गद्रे खूश झाले. पण आठवड्यात तक्रार आली. यंत्र बिघडलंय. बार्लो बटण दाबतात आणि उजेड जाऊन थांबतो तो कोऱ्या चौकोनावर. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नर्स धावत येते, तर मागितलंय काहीच नाही. कन्सल्टंटसाहेब म्हणाले, पाहिलंत? नुसता अंगठा हलतोय, अर्थ काही नाही. डॉक्टर गद्रेंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. "रिबेकाबाई, सोमवारी त्याला हलवायचं म्हणतायत."

रविवारी मी, कॉलिन आणि जेनेट वॉर्डात गेलो. हातात चाळा म्हणून मी चित्रवही घेतली होती. कॉलिनने पेटी उघडली. तार न् तार तपासली, बटण बदललं, बल्ब काढून पुन्हा बसवले. बार्लो उशीला टेकून त्याच्याकडे बघत होते. मोठं डोकं, पिकलेल्या मिशा, आणि डोळ्यांत असा काही वैताग की मला आमचे सासरेच आठवले. कॉलिनने झाकण लावलं, बटण त्यांच्या अंगठ्याखाली ठेवलं. उजेड फिरला. पाणी, जेवण, उशी, सगळं सोडून कोऱ्या चौकोनावर येऊन थांबला. घंटी.

कॉलिनने स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला. मग म्हणाला, "वायरिंग बरोबर आहे. म्हणजे माणूस बरोबर आहे."

असलं वाक्य आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या माणसाला सुचत नाही. मला तर नव्हतंच सुचलं. मी तोवर मनातल्या मनात माझ्या पेल्याचा आकार बदलत होते. जेनेट बार्लोंजवळ वाकली. "मिस्टर बार्लो, तुम्हाला जे पाहिजे ते यात नाहीच का?"

अंगठा वर. आणि तो छापण्याजोगा नसलेला शब्द, इतक्या जोरात की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला.

आता मोठा प्रश्न, काय पाहिजे? तेवढ्यात भेटीची वेळ झाली आणि मिसेस बार्लो आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कोट घातलेल्या, गुडघे धरत धरत चालणाऱ्या. नवऱ्याला ऐकू येत नसावं अशा मोठ्या आवाजात त्या त्याच्याशी बोलायच्या. वाचा जाणं आणि कान जाणं यातला फरक फार थोड्यांना कळतो. आम्ही काय चाललंय ते सांगितलं तशा त्या सुचवू लागल्या. "कुत्रा? बर्ट, तुला कुत्रा बघायचाय?" मी कुत्रा काढला. अंगठा खाली. "फुटबॉलचे रिझल्ट?" खाली. "तुझा भाऊ?" खाली, आणि बरोबर तो शब्द. मी काढत गेले. घर, बस, बाग, बिअरचा ग्लास. बिअरपाशी अंगठा जरा घुटमळला, पण नाहीच. बाईंचे डोळे भरून यायला लागले. त्यांना सोमवारची बातमी सकाळीच कळली होती. "मला जमणार नाही हो तिकडे जायला," त्या जेनेटला म्हणाल्या, "त्याला वाटेल मी सोडून दिलं त्याला."

हात रिकामा राहिला की मला भीती वाटते, म्हणून जे समोर दिसत होतं ते काढायला घेतलं. खाट. खाटेवरचं टेबल. टेबलावर सिस्टरने नुकताच ठेवलेला बार्लोंचा चहा, लहान मुलाला देतात तसा तोटीचा कप. शेजारी खुर्चीवर कोट घातलेल्या बाई. चित्र बार्लोंकडे वळवलं मात्र, आणि अंगठा ताडकन वर.

मी कपावर बोट ठेवलं. वर. "चहा पाहिजे? हा काय, आहे की." खाली. खाटेवर बोट ठेवलं. खाली. बाईंवर ठेवलं. वर. पुन्हा कपावर. वर. कप आणि बाई, कप आणि बाई. मी येड्यासारखी दोन्हींवर बोटं नाचवत होते.

"मिसेस पी," जेनेट एकदम म्हणाली, "त्यांच्या हातात कप काढा."

काढला. बाईंच्या हातात दुसरा कप. बार्लोंनी डोळे मिटले. अंगठा वर गेला तो वरच राहिला.

हॉस्पिटलचा नियम होता, चहा पेशंटला, भेटायला येणाऱ्यांना नाही. हा माणूस इतके दिवस बघत होता. बायको दुखऱ्या गुडघ्यांनी थंडीतून येते, कोरड्या तोंडाने त्याला चहा पाजते आणि तशीच परत जाते. आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून त्याला मागायला पंधरा गोष्टी दिल्या होत्या, पंधराच्या पंधरा त्याच्या स्वतःसाठी. दुसऱ्याला काही देता येईल, असं एकही चित्र त्यात नव्हतं. आजारी माणसाला आपण फक्त मागणारा समजतो. हे मला तिथे, त्या खाटेपाशी कळलं.

मी वहीचं पान फाडून चौकोनाच्या मापाने दोन कप काढले, जाड रेघेत. कॉलिनने झाकणाचे स्क्रू काढून ते चित्र कोऱ्या प्लॅस्टिकमागे बसवलं. डॉक्टर गद्रे राउंड अर्धवट सोडून येऊन उभे राहिले होते. उजेड निघाला. पाणी. जेवण. उशी. दोन कपांवर आला, आणि घंटी वाजली.

सिस्टर आली. चित्र बघितलं, बाईंकडे बघितलं, नियम सांगण्यासाठी तोंड उघडलं, आणि मिटून चहा आणायला गेली. डॉक्टर गद्रे मला हळूच मराठीत म्हणाले, "आता कन्सल्टंटच्या बापाची टाप नाही याला नो रिस्पॉन्स म्हणायची. जो माणूस बायकोच्या चहाची चौकशी करतो, त्याला मी कुठेही पाठवू देणार नाही." आणि त्यांनी दिलं नाही. वसंतात बार्लो घरी गेले, पेटीसकट. पण ते नंतरचं.

त्या दुपारी कप आला. मिसेस बार्लो त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा बांध फुटला. "लग्न झाल्यापासून," त्या रडत रडत नवऱ्यावर ओरडल्या, "लग्न झाल्यापासून एकदा तरी विचारलंस मला, चहा घेतेस का म्हणून? जीभ होती तेव्हा नाही सुचलं, आणि आता सुचतंय?" बार्लोंचा अर्धा चेहरा हसत होता, दुसरा अर्धा हसू शकत नव्हता. बाईंनी डोळे पुसले, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, ऐसपैस बसल्या आणि एक घोट घेतला.

"साखर नाही यात," त्या म्हणाल्या.

बार्लोंनी बटण दाबलं. उजेड पुन्हा फिरू लागला, शोधत. मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.